निवड तुमची, टोपली कॉलेजची: बी.ए.च्या क्रेडिटचं गणित संशोधनाच्या बाजूने वाचताना

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या शीव कोळीवाड्यात एकच चर्चा असते. सायन, माटुंगा, दादर, परळ, नाहीतर इथलंच जीटीबी नगर. कुठल्या कॉलेजात नंबर लागतोय? प्रवेश झाला की दुसरी चर्चा सुरू होते, आणि तिला मात्र फारसं कुणी गंभीरपणे घेत नाही: मेजर काय, मायनर काय, ओपन इलेक्टिव्हमध्ये काय टिक करायचं? मी स्वतः विज्ञानाचा पदव्युत्तर, आता पीएच.डी. करतोय. त्यामुळे इतिहास, समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेणारी मुलं हा फॉर्म घेऊन विचारायला येतात तेव्हा मी तो बाहेरच्या माणसासारखा वाचतो. बाहेरून वाचल्यावर काही गोष्टी फार स्पष्ट दिसतात. त्याच इथे मांडतोय.

तुम्हाला पुढे संशोधन करायचं असेल, किंवा करावंसं वाटेल अशी शंका जरी असेल, तरी हा फॉर्म पहिल्या सत्रातच नीट वाचायला हवा. का, ते बघू.

आधी चौकट समजून घेऊ

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. त्यावर आधारलेली पदवीची क्रेडिट चौकट यूजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये काढली. महाराष्ट्र शासनाचा त्यावरचा शासन निर्णय २० एप्रिल २०२३ चा; पुढे १३ मार्च २०२४ ला त्यात सुधारणा झाली. स्वायत्त कॉलेजांत हे २०२३-२४ पासून सुरू झालं, संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून.

एक क्रेडिट म्हणजे एका सत्रात १५ तासांचं वर्गातलं शिकवणं. म्हणजे दोन क्रेडिटचा पेपर ३० तासांचा, चार क्रेडिटचा ६० तासांचा. हे गणित डोक्यात पक्कं ठेवा, पुढे लागणार आहे.

महाराष्ट्राच्या चौकटीत तीन वर्षांना १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांना १६० ते १७६. त्यात मेजर विषयाला किमान ५० टक्के. मायनरला १८ ते २० क्रेडिट. ओपन इलेक्टिव्हला १० ते १२. उरलेल्यात भाषा, कौशल्याचे दोन प्रकार, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान परंपरा, सहशालेय उपक्रम, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, फील्ड प्रोजेक्ट अशी बरीच मंडळी दाटीवाटीने बसलेली आहेत.

कागदावर हे सुंदर दिसतं. धोरणाचा दावाही मोठा आहे: विद्यार्थ्याला निवडीचं स्वातंत्र्य आणि अनेक विद्याशाखांची ओळख. मला या दाव्याबद्दलच बोलायचं आहे. दावा वाईट नाही. पण दावा आणि रचना यांची दिशा एक नाही.

तुलनेसाठी एक जुना विद्यार्थी

सामाजिक शास्त्रांची पदवी घेताना विषय कसे निवडावेत, याचं एक उदाहरण आपल्या परळ-दादरशी जोडलेलं आहे. परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षं राहिलेले आणि नंतर दादरच्या राजगृहात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची. या तीन वर्षांत त्यांनी कुठले कोर्स घेतले त्याची नोंद उपलब्ध आहे आणि ती अनेकदा उद्धृत होते:

अर्थशास्त्र २९, इतिहास ११, समाजशास्त्र ६, तत्त्वज्ञान ५, मानववंशशास्त्र ४, राज्यशास्त्र ३, फ्रेंच १, जर्मन १. एकूण ६०.

ही यादी आपण सहसा थक्क होण्यासाठी वाचतो. "बापरे, साठ कोर्स!" म्हणतो आणि पुढे जातो. पण एकदा थांबून तिच्याकडे क्रेडिटचा तक्ता म्हणून बघा.

६० पैकी २९ अर्थशास्त्र, म्हणजे साधारण ४८ टक्के. आपल्या चौकटीत मेजर किमान ५० टक्के. म्हणजे मुख्य विषयाचं प्रमाण जवळपास तेच. इतिहास ६० पैकी ११, म्हणजे १८ टक्के. आपल्याकडे मायनर साधारण १५ टक्के. इथेही फार फरक नाही.

फरक त्याच्या पुढे सुरू होतो. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र: ६ + ५ + ४ + ३ = १८ कोर्स. एकूणच्या ३० टक्के. हे सगळे मुख्य विषयाचे सख्खे शेजारी. आपल्या चौकटीत या ३० टक्क्यांना जागा कुठे आहे?

मायनर एकच. राहिलं ओपन इलेक्टिव्ह. पण २०२३ च्या शासन निर्णयानुसार ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावं लागतं, तशी सक्तीच आहे. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चार आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान हे सगळे एकाच मानवविज्ञान शाखेत. मग इतिहास मेजर आणि अर्थशास्त्र मायनर घेतलेल्या मुलीला समाजशास्त्राचा एक पेपर घ्यावासा वाटला, तर ओपन इलेक्टिव्हमधून तो घेता येत नाही. त्या जागी वाणिज्य किंवा विज्ञानाच्या टोपलीतलं काहीतरी घ्यावं लागतं.

म्हणजे धोरण ज्याला "बहुविद्याशाखीय" म्हणतं ते लांबच्या नातेवाइकाशी ओळख करून देतं आणि शेजारच्या खोलीचं दार मात्र बंद ठेवतं. संशोधनाला आधी शेजारी लागतो.

"पण ते तर कोलंबिया होतं"

ही तुलना अन्यायाची आहे असं तुम्ही म्हणाल. बाबासाहेब बी.ए. पूर्ण करून गेले होते, तिथे एम.ए. आणि पीएच.डी.चं शिक्षण घेत होते. विद्यापीठ प्रचंड मोठं. आपण बोलतोय पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांबद्दल.

आक्षेप बरोबर आहे, आणि पूर्वी मीही तो मान्य करून थांबलो असतो. पण नियमच बदलले आहेत. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळवणारा विद्यार्थी एम.ए. न करता थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र ठरतो. २०२४ पासून नेटलाही चार वर्षांच्या पदवीवर बसता येतं. म्हणजे बी.ए.च्या विद्यार्थ्याला संशोधनाच्या दारात या व्यवस्थेनेच आणून उभं केलंय. मग त्या दारापर्यंत येताना त्याच्या पिशवीत काय असायला हवं, हेही तिलाच विचारायला हवं.

बाबासाहेबांच्या यादीतून मिळणारा खरा धडा संख्येचा नाहीच. मानववंशशास्त्राचे कोर्स होते फक्त ४. पण त्यांचा जातीसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध, 'भारतातील जाती', त्यांनी ९ मे १९१६ ला डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. त्यात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर अशा चार अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या आहेत, आणि जातीचं मूळ लक्षण म्हणून सजातीय विवाहाकडे बोट दाखवलंय. मुख्य विषय अर्थशास्त्र. त्यातून प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध आला, पुढे लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा. पण आज सर्वात जास्त वाचला जाणारा त्यांचा विद्यार्थीदशेतला मजकूर आला तो चार कोर्सच्या त्या बाजूच्या विषयातून.

का आला? कारण बाजूचे विषय सुटे नव्हते. एकाच प्रश्नाला ते वेगवेगळ्या बाजूंनी भिडत होते.

"मग वेगळ्या शाखेतून येणं चांगलं नाही का?"

चांगलंच आहे. मी स्वतः विज्ञानातला, त्याच्या विरोधात कसा बोलेन? मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये सुरू झाला आणि त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडीस हे मुळात जीवशास्त्रज्ञ. डंडीला वनस्पतिशास्त्र शिकवणारे. त्यांच्यानंतर १९२४ मध्ये विभागाची सूत्रं घेणारे गोविंद सदाशिव घुर्ये संस्कृतचे विद्यार्थी. घुर्यांच्या हाताखाली एम.ए. करणाऱ्या इरावती कर्वे यांची बी.ए. तत्त्वज्ञानात, पुढे बर्लिनला पीएच.डी. शारीरिक मानवशास्त्राकडे झुकणारी. आपल्याकडच्या सामाजिक शास्त्रांचा पायाच असा मिसळलेला आहे.

पण यांच्यापैकी कुणीही दुसऱ्या शाखेत ३० तास काढून आलेलं नव्हतं. गेडीस अख्खं जीवशास्त्र घेऊन आले, घुर्ये अख्खं संस्कृत घेऊन. दोन क्रेडिटमध्ये ओळख होते, हत्यार मिळत नाही. संख्याशास्त्राचंच बघा. ३० तासांत सरासरी, विचलन, तक्ते वाचणं इथवर नीट पोहोचता येतं. सर्वेक्षणाचा नमुना कसा निवडायचा आणि त्यातली चूक किती धरायची, हे शिकायला त्याला जोडून दुसरा पेपर हवा. आणि ओपन इलेक्टिव्हची टोपली दर सत्राला बदलत असेल तर तो दुसरा पेपर येतच नाही. पहिली पायरी चार वेळा, दुसरी एकदाही नाही.

१० ते १२ क्रेडिट म्हणजे १५० ते १८० तास. हे थोडे नाहीत. एकाच दिशेने लावले तर त्यात एक हत्यार नक्की तयार होतं. विखुरले तर मार्कशीटवर पाच-सहा नावं उरतात.

दोन ठिकाणी रचना स्वतःशीच भांडते

पहिलं ठिकाण: संशोधन पद्धती. या चौकटीत संशोधन पद्धतीचा पेपर येतो चौथ्या वर्षी, आणि १२ क्रेडिटचा प्रबंधही चौथ्या वर्षीच. तीन वर्षांनी बाहेर पडणारा विद्यार्थी हा पेपर न बघताच पदवीधर होतो. जो थांबतो त्याला सातव्या सत्रात एकदम प्रश्न, पद्धत आणि मार्गदर्शक सगळंच शोधायचं असतं. विज्ञानात आम्हाला पहिल्या वर्षापासून प्रयोगवहीत निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे लिहायला लावतात. त्या वहीला आम्ही कितीही नावं ठेवली तरी सवय तिथेच लागते. सामाजिक शास्त्रांत ही सवय लावायला सहा सत्रं वाट का बघायची, याचं पटेल असं कारण मला या चौकटीत सापडत नाही.

दुसरं ठिकाण जास्त गंभीर आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. या टक्क्यांत सगळं आलं: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, सगळं. आता एका बाजूने सांगायचं, "अनोळखी विषय घ्या, धाडस करा." आणि दुसऱ्या बाजूने त्याच अनोळखी विषयाचे गुण संशोधनाच्या दाराच्या कुलपाला जोडायचे. इतिहासाच्या हुशार मुलाने संख्याशास्त्र घेऊन ५५ मिळवावेत की एखादा सोपा, भरभरून गुण देणारा पेपर घेऊन ८५? शहाणा विद्यार्थी दुसरा घेईल. त्याला नावं ठेवू नका. रचनाच त्याला तसं शिकवतेय. म्हणजे संशोधनाला पोहोचवणारी वाट संशोधकाला लागणाऱ्या सवयीलाच दंड करते.

ज्याच्या घरी चौथ्या वर्षाचा खर्च, किंवा एक वर्ष उशिरा लागणारी नोकरी हा मोठा विषय आहे, त्याला हा दंड दुप्पट बसतो. कारण त्याला दुसरी संधी परवडत नाही.

चौकटीच्या बाजूने दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, जुन्या पॅटर्नमध्ये बी.ए.च्या मुलाला बारा क्रेडिटचा स्वतःचा प्रबंध ही कल्पनाच नव्हती, आता आहे. दोन, फील्ड प्रोजेक्ट आणि सामुदायिक काम यांना क्रेडिट मिळतात. म्हणजे वस्तीत फिरणं आता अभ्यास म्हणून मोजलं जातं. या दोन खिडक्या आहेत. बाकीच्या भिंतीत आपल्यालाच खिळे ठोकायचे आहेत.

एक कच्चा प्रश्न घेऊन आखणी करून बघू

आखणी उलटीकडून करा. टोपलीपासून सुरुवात करू नका, प्रश्नापासून करा. प्रश्न कच्चा चालेल, पुढे बदलला तरी चालेल.

उदाहरण आमच्याच वस्तीचं घेतो. हार्बर लाइनवरच्या आमच्या स्टेशनाचं नाव आधी 'कोळीवाडा' होतं, नंतर 'गुरू तेग बहादूर नगर' झालं. इथे मूळचे कोळी आहेत, फाळणीनंतर आलेली पंजाबी-सिंधी कुटुंबं आहेत, आणि नंतर कामासाठी आलेले कितीतरी भाडेकरू. प्रश्न असा: या तिघांपैकी प्रत्येकजण "हे घर आमचं" हे कशाच्या आधारावर सिद्ध करतो? कागद, आठवण, शेजाऱ्याची साक्ष, की नाव?

आता या प्रश्नाला काय लागेल ते बघा.

जुने कागद वाचायला इतिहास. नातं, जात, बिरादरी समजायला समाजशास्त्र. या दोनांपैकी एक मेजर, दुसरं मायनर. घराची किंमत, भाडं, पुनर्विकासाचा हिशोब कळायला वाणिज्य शाखेतलं ओपन इलेक्टिव्ह. वित्त किंवा हिशोबाचं काही असेल तर तेच, "व्यक्तिमत्त्व विकास" नको. विज्ञान शाखेच्या टोपलीत संख्याशास्त्र किंवा नकाशाशी संबंधित काही मिळालं तर ते. दोन सत्रांत एकाच धाग्याचं घ्या. भाषेच्या क्रेडिटमध्ये कॉलेज हिंदी देत असेल तर हिंदी, कारण मुलाखती मराठीत सगळ्या होणार नाहीत. कौशल्याच्या पेपरमध्ये माहिती संकलन, मुलाखत, भाषांतर असं काही असेल तर पहिला हक्क त्याचा. फील्ड प्रोजेक्ट अर्थातच या वस्तीत, आणि त्याची टिपणं जपून ठेवा. चौथ्या वर्षी तीच तुमच्या प्रबंधाचा कच्चा माल.

बघा, टोपल्या त्याच आहेत. पण आता त्यात काय शोधायचं ते तुम्हाला माहीत आहे.

जे कॉलेजात मिळणार नाही त्यासाठी 'स्वयम्' आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेता येतात. संशोधन पद्धतीचे कोर्स तिथे असतात, चौथ्या वर्षाची वाट बघायची गरज नाही. फक्त नाव नोंदवण्याआधी कॉलेजकडून लेखी विचारून घ्या की हे क्रेडिट कुठल्या रकान्यात धरणार. तोंडी "हो, चालेल" वर विसंबू नका.

आणि क्रेडिटशिवायचंही शिक्षण असतं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून उभं आहे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. जीटीबी नगरहून सीएसएमटीची लोकल पकडली की पुढे चालत जाता येतं. उलट्या दिशेची लोकल पकडली तर गोवंडीला उतरून टाटा सामाजिक विज्ञान संस्था. शेजारच्या खोलीचं दार टाइमटेबलमध्ये बंद असलं तरी गावात ते उघडं आहे.

फॉर्म भरण्याआधी विभागात जाऊन विचारायचे प्रश्न

१. या कॉलेजात चौथं वर्ष संशोधनासह आहे का? माझ्या मेजर विषयात आहे का? मार्गदर्शन कोण करणार?

२. मायनर पुढच्या तिन्ही वर्षांत चालू राहील याची खात्री आहे का, की विद्यार्थी कमी झाले तर बंद होईल?

३. ओपन इलेक्टिव्हची पुढच्या चार सत्रांची यादी आत्ता मिळेल का? एकाच विषयाची पुढची पायरी त्यात आहे का?

४. फील्ड प्रोजेक्टचा विषय मी सुचवू शकतो का?

५. बाहेरच्या कोर्सचं क्रेडिट कोण आणि कधी मंजूर करतं?

या प्रश्नांना सगळीकडे नीट उत्तरं मिळणार नाहीत. तरी विचारा. पाच मुलांनी एकच प्रश्न विचारला की पुढच्या वर्षीचं टाइमटेबल करताना कुणाला तरी तो आठवतो.

शेवटचं, आणि हे ज्यांचे ७५ टक्के होणार नाहीत त्यांच्यासाठी. तीन वर्षांची बी.ए., मग दोन वर्षांचं एम.ए., त्यात ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ५ टक्के सवलत), मग पीएच.डी. हा जुना रस्ता बंद झालेला नाही. तो एक वर्षाने लांबचा आहे एवढंच. ते वर्ष तुम्ही शेजारच्या विषयांत घालवलं असेल, प्रश्न पक्का केला असेल, तर लवकर पोहोचलेल्यापेक्षा तुमची पिशवी भरलेली असेल. म्हणून टक्क्यांच्या भीतीने सोपा पेपर घेण्याआधी एकदा स्वतःला विचारा: हा पेपर माझ्या प्रश्नाच्या कामाचा आहे का? उत्तर "हो" असेल तर पाच-दहा गुण गेले तरी घ्या.

पुढच्या लेखात या कच्च्या प्रश्नाचा दोन पानी संशोधन आराखडा कसा लिहायचा ते बघू. तोवर तुमचा प्रश्न एका वाक्यात वहीत लिहून ठेवा. एकाच वाक्यात.